अर्नच्या टोपीचा बिल्ला

माणसाने सासऱ्याच्या टोपीचं कौतुक करावं, वेळ आली तर ती उचलून खुंटीला अडकवावी, पण तिच्यावर कुठला बिल्ला लागतो या चौकशीत पडू नये. हे शहाणपण मला आलं, पण नेहमीप्रमाणे सगळं होऊन गेल्यावर. मी लेनर्ड पेन्हॅलो, बिनाराँगमधला एकुलता एक केमिस्ट. गावातल्या निम्म्या लोकांचा रक्तदाब आणि झाडून सगळ्यांची पोटं मला तोंडपाठ आहेत. अशा माणसाची गावात एक प्रतिष्ठा असते. माझीही त्या एप्रिलपर्यंत होती.

पंचवीस एप्रिलला, म्हणजे अँझॅक डेला, आमच्याकडे युद्धावर जाऊन आलेले म्हातारे छातीवर पदकं लावून मुख्य रस्त्याने स्मारकापर्यंत चालतात आणि मग माजी सैनिकांच्या क्लबात जाऊन बिअर पितात. माझे सासरे अर्न टूई त्या दिवशी बेकरीच्या कोपऱ्यावर टोपी छातीशी धरून उभे राहायचे. संचलन संपलं की मुकाट्याने घरी येऊन कोंबड्यांना दाणे टाकायचे. अर्न शिपाई होते, पण समुद्रापलीकडे गेलेले नव्हते, आणि आमच्याकडे या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर धरतात.

ते होते अप्पर रिव्हर लाइट हॉर्समध्ये. वर्षभर शेती करायची आणि शिबिराचे दिवस आले की घोडदळात जायचं, असा तो मामला. घोडा आपला, खोगीर आपलं, सरकारची फक्त टोपी. रेजिमेंटचं ब्रीद लॅटिनमध्ये होतं, 'सदैव सज्ज'. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा सरकारने त्यांचे घोडे घरी पाठवले, त्यांना ट्रकमध्ये बसवलं आणि एका समुद्रकिनाऱ्यावर नेऊन जपान्यांची वाट बघायला लावली. जपानी काही आले नाहीत. न आलेल्या शत्रूपासून किनारा राखला म्हणून पदक द्यायची पद्धत कुठेच नाही. उलट लोकांनी त्यांना चॉकलेटचे शिपाई म्हटलं, ऊन लागलं की विरघळणारे.

त्या वर्षी क्लबाच्या कमिटीला उपरती झाली आणि पलीकडे न गेलेल्यांनाही संचलनात चालता येईल असं जाहीर झालं. माझी बायको नोरीन त्याच दिवशी जेवताना म्हणाली, "डॅड, या वर्षी तुम्ही चालणार."

"बघू," अर्न म्हणाले. अर्नच्या भाषेत 'बघू'चा अर्थ 'नाही' असा आहे.

"बघू काय? टोपी आहे, कोट आहे. फक्त बिल्ला नाही."

बिल्ला नव्हता, कारण तो नोरीनच्या आईबरोबर गेला होता. लग्नाआधी अर्ननी तो तिला कोटावर लावायला दिला होता. त्या काळी पोरं देतच असत. तिने तो जन्मभर लावला, आणि ती गेली तेव्हा तोच कोट घालून गेली. त्यावर कुणी काही बोलण्यासारखं नव्हतं. पण पानावर शांतता पसरली की मला ती सोसत नाही, त्यामुळे मी म्हणालो, "बिल्ल्याचं माझ्याकडे लागलं. एवढासा बिल्ला, त्यात काय आहे?"

त्यात काय आहे ते मला शेजारच्या बेव्हन स्ट्रूदनी कुंपणावरून सांगितलं. बेव्हन हे निवृत्त हेडमास्तर, आणि निवृत्त हेडमास्तरला वर्ग लागतो. पूर्वी मुलं होती, आता मी आहे.

"कुठल्या काळातला बिल्ला?" त्यांनी विचारलं.

"अप्पर रिव्हरचा."

"ते कळलं रे. पहिल्या युद्धाआधी त्यांचा नंबर वेगळा, बिल्ला वेगळा. युद्धानंतर नंबर बदलला, मग बिल्लाही बदलला. पुढे सरकारने खर्चाला कात्री लावली आणि त्यांना कॅसलटन लाइट हॉर्सला जोडून टाकलं. अप्पर रिव्हरचा रिकिबीवर बसलेला कुकाबुरा पक्षी, कॅसलटनचं मेंढ्याचं तोंड. आता एकाच बिल्ल्यावर कुणी कुणाच्या डोक्यावर बसायचं? त्यावरून पत्रव्यवहार चालला आणि तो संपायच्या आत त्यांची फारकत झाली. अर्न कुठल्या काळातला?"

"सगळ्याच काळातला असावा."

"मग सगळेच बघून ठेव," असं म्हणून हेडमास्तर चहाला गेले. हे असलं उंटावरचं शहाणपण ऐकून मी कामाला लागलो.

पहिला बिल्ला पोस्टाने आला. कुकाबुरा होता, रिकीबही होती. अर्ननी तो टोपीला लावून आरशात पाहिलं आणि म्हणाले, "टोपीवर माशी बसल्यासारखी दिसते." तो टोपीचा नव्हता, कॉलरचा होता. कॉलरवर दोन बिल्ले लागतात आणि दोघे पक्षी एकमेकांकडे बघतात. माझा पक्षी बिचारा एकटाच कुणाकडे तरी बघत होता.

दुसरा बिल्ला आकाराने मापात होता, जुना होता, झिजलेला होता. विकणाऱ्याने फोनवर शपथेवर सांगितलं होतं की हाच अप्पर रिव्हरचा. अर्ननी तो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ निरखला.

"लेनर्ड, हे मेंढ्याचं तोंड आहे."

"झिजलाय हो. पक्षीच असेल."

"पक्ष्याला शिंगं नसतात." मग ते हळूच म्हणाले, "या कॅसलटनवाल्यांनी एका शिबिरात आमच्या घोड्यांच्या शेपट्या कापल्या होत्या. माझी घोडी महिनाभर माश्या वारू शकली नाही." कॅसलटनचा बिल्ला त्यांनी खुराड्याच्या दाराला ठोकला. कोल्हा आला तर त्याला आपला माणूस भेटेल, म्हणाले.

दरम्यान मी क्लबाचे सेक्रेटरी रॉस क्रेबिन यांच्याकडे परवानगीसाठी गेलो. रॉसचा मधुमेह माझ्याच गोळ्यांवर चालतो, पण क्लबातल्या टेबलामागे बसले की ते मला ओळखत नाहीत.

"चालू द्या की," ते म्हणाले. "फक्त रेजिमेंटचा बिल्ला टोपीवर पाहिजे. उद्या कुणीही उठून येईल."

"आणि जागा?"

"पलीकडे गेलेले पुढे. मग नर्सेस, मग स्काउट, मग पोनी क्लब. मग हे."

"पोनींच्या मागे?"

"घोडदळच होतं ना? त्यांना सवय असेल."

वरातीमागून घोडं ही म्हण मला ठाऊक होती. घोड्यांमागून वरात मी प्रथमच ऐकली. माझ्या सासऱ्यांच्या वतीने मी अत्यंत कडक शब्द वापरायचं ठरवलं, आणि तोवर रॉसनी खोकल्याचं औषध घरी पाठवाल का विचारलं. मी हो म्हणून बाहेर आलो.

तिसरा बिल्ला मेलबर्नच्या एका संग्राहकाकडे निघाला. खरा, टोपीचा, शेवटच्या काळातला. विकायला मात्र तो तयार नव्हता, अदलाबदलीला तयार होता. माझ्या दुकानाच्या खिडकीत माझ्या वडिलांच्या वेळच्या तीन निळ्या काचेच्या बाटल्या होत्या. सकाळी ऊन आलं की त्यांचा निळा उजेड थेट काउंटरवर पडायचा, आणि त्या उजेडात पुड्या बांधत मी मोठा झालो. मी बाटल्या दिल्या. नोरीनला सांगितलं की धूळ फार बसते म्हणून काढल्या. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या संध्याकाळी माझ्या आवडीचे भोपळ्याचे स्कोन भाजले.

अर्ननी बिल्ला तळहातावर घेतला. अंगठ्याने कुकाबुऱ्याची चोच चाचपली. "हाच," ते म्हणाले. "नोरीन, तुझ्या आईच्या कोटावर हाच होता."

तिथेच मी थांबायला हवं होतं. पण लाइट हॉर्सच्या टोपीला नुसता बिल्ला शोभत नाही, वर एमूच्या पिसांचा तुरा लागतो. परक्या माणसाने विचारलं तर ही मंडळी कांगारूची पिसं म्हणून सांगायची आणि परका माणूस वहीत टिपून घ्यायचा. अर्नच्या टोपीतला तुरा कसरीने खाऊन त्याची दोन काड्यांची केरसुणी झालेली होती. घरचं झालं थोडं, त्यात व्याह्याने धाडलं घोडं, अशातली गत. माझ्या बाबतीत घोड्याऐवजी एमू आला.

गावाबाहेर ग्वेंडा हॅलमचं घर आहे. ग्वेंडा सत्तरी ओलांडलेली, एकटी, आणि जिभेला धार अशी की भाजी चिरून घ्यावी. तिने एक एमू पिल्लापासून वाढवलेली आहे, ट्रिक्सी नावाची. पिसं गळतात, ती ग्वेंडा जपून ठेवते. रंग जुळावा म्हणून मी टोपी बरोबर नेली, आणि रुबाब दिसावा म्हणून बिल्ला टोपीला लावूनच नेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"कुणासाठी पिसं?" ग्वेंडाने विचारलं.

"अर्नसाठी. चालणार आहेत यंदा."

ती टोपीकडे बघत म्हणाली, "चालेल तेव्हा खरं. आणि लेनर्ड, टोपी जरा वर धर. तिला चकाकणारं फार—"

पुढचं वाक्य मला ऐकू आलं नाही, कारण ट्रिक्सीची मान कुंपणावरून आली, टोपीवर एकदा टकटक झाली, आणि तिच्या लांब गळ्यातून एक गाठ सावकाश खाली सरकत गेली. मी आणि ग्वेंडा ती गाठ बघत उभे होतो. गाठ दिसेनाशी झाली तेव्हा ट्रिक्सीने माझ्या चष्म्याकडे पाहिलं. त्यानंतर मी आवाराभोवती किती फेऱ्या घातल्या ते ग्वेंडाने गावभर सांगितलंच आहे, मी पुन्हा सांगत नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझं दुकान दुकान राहिलं नाही. माणसं ॲस्पिरिन मागायची आणि सुटे पैसे घेताना आवाज खाली आणून विचारायची, "आलं का?" केमिस्ट असल्यामुळे प्रत्येकाला वाटत होतं की हा प्रश्न मुळात माझ्याच खात्यातला. एरंडेल द्या, इसबगोल द्या, आलुबुखार द्या. बेव्हननी एमूच्या पचनसंस्थेवर व्याख्यान दिलं, त्यात असं निघालं की हा पक्षी पोटात दगड बाळगतो आणि आवडलेला दगड सोडत नाही. ढोरांच्या डॉक्टरने फोनवर आधी पोटभर हसून घेतलं, मग वाट बघा म्हणाला. मी रोज संध्याकाळी हातमोजे घालून ग्वेंडाच्या आवारात जात असे. गावात तीन वर्षं औषधशास्त्र शिकून आलेला दुसरा माणूस नाही, आणि त्याच्या वाट्याला हे आलं.

शेतांपर्यंतसुद्धा गोष्ट गेली. कुणाकुणाचे फोन आले. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "अर्न टूईच्या टोपीचा बिल्ला एमूने गिळला, खरं का?"

अर्ननी मात्र ही बातमी फार शांतपणे घेतली. "आम्ही जन्मभर त्यांची पिसं घातली," ते म्हणाले. "एक बिल्ला त्यांनी घेतला तर काय बिघडलं?" आणि जरा वेळाने, "आता बिल्ल्याशिवाय काही चालता यायचं नाही. रॉसचा नियम आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. ते पाहून माझं डोकं फिरलं. वडिलांच्या बाटल्या गेल्या, अब्रू गेली, हातमोज्यांचा खप वाढला, आणि ह्यांना हायसं वाटतंय. मी कोंबड्यांच्या खुराड्यापाशी त्यांना गाठलं.

"अर्न, खरं सांगा. तुम्हाला चालायचंच नव्हतं ना?"

ते दाणे टाकत राहिले. "चालायचंय रे. पाय वळतात तिकडे. पण भीती वाटते."

"रॉसची?"

"रॉसला कोण भितंय? ग्वेंडाची."

मी खुराड्याच्या दाराला टेकलो.

"तिचा केथ आणि मी एकाच तुकडीत," अर्न म्हणाले. "घोडे गेले तेव्हा तो म्हणाला, मी वाळूत बसून राहणार नाही, मी पलीकडे जाणाऱ्यांत नाव देतो. मीही दिलं. डॉक्टरने माझ्या कानात बघितलं आणि मला परत वाळूत पाठवलं. केथ गेला. परत आला नाही. तिचं लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं." त्यांनी वाडग्यातला शेवटचा दाणा झटकला. "दर वर्षी ती पोस्टापुढे घडीची खुर्ची टाकून बसते. तिच्यासमोरून मी छाती काढून जाऊ? काय म्हणून? जिवंत राहिलो म्हणून?"

मला सैन्यातलं काही कळत नाही. माणसाला बरं वाटावं म्हणून माझ्याकडे चारशे बाटल्या आहेत, त्यांतली एकही त्या वेळी आठवली नाही. मी म्हणालो, "आत चला, थंडी पडतेय." मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं आणि स्वतःचा रागही आला, कारण इतके दिवस मी बिल्ल्याच्या मागे पळत होतो आणि म्हाताऱ्याला एकदाही काही विचारलं नव्हतं.

पंचवीस तारखेला अर्न कोट घालून तयार झाले, पण बेकरीच्या कोपऱ्यापर्यंतच. टोपीला ग्वेंडाने दिलेली पिसं होती. या टोपीची एका बाजूची कडा वर दुमडून बिल्ल्याने अडकवतात, ती मी दुकानातल्या सेफ्टी पिनेने अडकवली होती. नोरीन माझ्या शेजारी, डोळे सुजलेले, कॅमेरा गळ्यात. मी आपला सुटाबुटात. आम्ही तिघेही नुसते बघायला आलो होतो.

तेवढ्यात कोपऱ्यावर आणखी एक म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्याला तसलीच टोपी, तिच्यावर हिरवट पडलेला कुकाबुरा. पाठोपाठ काठी टेकत दुसरा आला. त्याच्याकडे टोपी नव्हती, बिल्ला कोटाला टोचलेला होता.

"क्लॅरी," अर्न म्हणाले. "व्हिव्ह. तुम्ही इकडे कुठे?"

"सहज," क्लॅरी म्हणाला. "ऐकलं की तुझा बिल्ला एमूने खाल्ला. म्हटलं बघून तरी यावं, अर्न हसतोय का रडतोय."

"चालणार आहेस का?" व्हिव्हने विचारलं.

"छे. बघायला आलोय. तुम्ही?"

"आम्हीपण बघायलाच."

तिघे शेजारी शेजारी उभे राहून रस्त्याकडे बघू लागले. बँड गेला. पदकवाले गेले. नर्सेस गेल्या, स्काउट गेले. पोनी क्लबच्या मुली गेल्या आणि पोनींनी आपलं काम रस्त्यावर करून ठेवलं. त्यांच्या मागे मोकळा रस्ता होता. सगळा बाजार त्या मोकळ्या रस्त्याकडे बघत होता, आणि तिघांपैकी कुणीही पाऊल उचलेना.

"कॉर्पोरल कोण होतं?" क्लॅरी हळूच म्हणाला.

"अर्न," व्हिव्ह म्हणाला.

"मग आम्हाला काय विचारतोस? हुकूम दे, नाहीतर घरी जाऊ. माझे गुडघे दुखतायत."

अर्ननी टोपी डोक्यावर ठेवली. "आपण तिघेच आहोत," ते म्हणाले. "तुकडी चौघांची असते."

मला ते माहीत नव्हतं. लाइट हॉर्समध्ये चौघे कायम एकत्र असत. लढायची वेळ आली की तिघे खाली उतरायचे, आणि तीन नंबरचा गडी चारही घोडे धरून मागे थांबायचा. त्याच्या जागेला माणूस नसेल तर तुकडी हलत नाही.

"केमिस्ट," क्लॅरी माझ्याकडे वळला. "तू ये. तीन नंबर."

"मी? मी सैन्यात कधी नव्हतो."

"घोडेही नाहीत. तक्रार कोण करणार?"

नोरीनने माझ्या पाठीत असा काही हात दिला की मी रस्त्यातच पोचलो. अर्न एक नंबर, क्लॅरी दोन, मी तीन, व्हिव्ह काठीसकट चार. अर्ननी हुकूम दिला. आवाज फाटला, पण हुकूम निघाला, आणि आम्ही पोनींच्या मागे चालू लागलो, काय चुकवायचं ते चुकवत. रॉस क्रेबिन टोपीतल्या सेफ्टी पिनेकडे बघत होते. मी त्यांच्याकडे त्यांची साखर माहीत असलेल्या माणसासारखं पाहिलं. त्यांनी नजर पोनींकडे वळवली.

लोक टाळ्या वाजवत होते की नाही ते मी सांगू शकत नाही. मी माझ्या पायांकडे बघत होतो. मग क्लॅरीच्या पलीकडे अर्नचं पाऊल चुकलं, आणि मी मान वर केली. पोस्ट ऑफिस आलं होतं. ग्वेंडा हॅलम घडीच्या खुर्चीत बसली होती, काळा कोट, मांडीवर हात. तिने आम्हा चौघांकडे एकदा पाहिलं, आणि ती उठली.

ती पदपथावरून उतरून सरळ आमच्याकडे आली. अर्न थांबले, म्हणून आम्ही सगळेच थांबलो.

"सरक, लेनर्ड," ग्वेंडा म्हणाली. "ही केथची जागा आहे."

मी सरकलो. ती क्लॅरी आणि व्हिव्हच्या मध्ये उभी राहिली आणि डाव्या हाताची मूठ तिने कमरेपाशी धरली, त्यात लगाम असावेत तशी. मग पुढे वाकून अर्नकडे बघून म्हणाली, "किती वर्षं वाट बघायला लावलीस रे. मला वाटायचं तुला माझ्यासमोर यायचीच लाज वाटते."

"वाटायची," अर्न म्हणाले.

"मूर्ख आहेस. त्याला ओळखणारे उरलेत किती? चल आता."

अर्ननी डोळे पुसले नाहीत, कारण तुकडीत हात हलवायचा नसतो. त्यांनी पुन्हा हुकूम दिला, या वेळी आवाज फाटला नाही, आणि चौघं स्मारकाकडे निघाली. मी रस्त्याच्या मध्ये उभा होतो. मग पोस्टापुढची तिची खुर्ची घडी करून काखेत मारली आणि त्यांच्या मागून चालू लागलो.